पाहुणे घर बघायला आले होते

आई, तू दवाखान्यात गेलीस तेव्हा आपलं ऐरोलीचं घर विकलं गेलेलं होतं. हे तुला अण्णांनी सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आता अण्णाही राहिले नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे. ते असते तर हे कागदावर उतरवायची माझी छाती झाली नसती. परवा, ज्यांनी ते घर आपल्याकडून घेतलं त्या बाईंचा फोन आला होता. त्या आता ते विकताहेत. "तुमच्या आईचं घर, म्हणून आधी तुम्हाला कळवलं," असं म्हणाल्या आणि मोबाईलवर फोटो पाठवले. तेच फोटो त्यांनी सगळ्या जगासाठीही टाकलेत. बाहेरची खोली, स्वयंपाकघर, मोरी, दारापुढची फरशी, खाली किंमत आणि फोन नंबर. कुणीही कुठेही चहा पीत बसावं आणि आपलं घर बघावं. मला आधी हसू आलं, मग मी ते फोटो पुन्हा पहिल्यापासून बघितले. आपण तेच घर विकलं तेव्हा शेजारच्या काकूंनासुद्धा पत्ता लागू दिला नव्हता.

तुझा त्या घरावर किती जीव होता! कुर्ल्याच्या खोलीत तू अठरा वर्षं दुसऱ्यांच्या हंड्यामागे हंडा लावून पाणी भरलंस. मग सोडतीत नंबर लागला आणि खाडीच्या या बाजूला एक खोली आणि एक स्वयंपाकघर आपलं झालं. साताऱ्याहून मामा बघायला आला, तेव्हा तू त्याला खोल्या दाखवायच्या आधी नळ सोडून दाखवलास. ओटा तुला उंच व्हायचा, म्हणून अण्णांनी गवंडी बोलावून तो वीतभर खाली घेतला. त्या दिवशी तू कंबरेवर हात ठेवून म्हणालीस, "आता चवड्यावर उभं ऱ्हाऊन भाकरी थापाय नको." भाजी चिरताना तू त्या ओट्याशी बोलल्यासारखी गुणगुणायचीस. मी आत आले की गप्प व्हायचीस.

मग तुला धाप लागायला लागली. आधी बाजारातून येताना, मग दारापुढची फरशी धुताना, मग नुसतं अंथरूण घालताना. ठाण्याच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाली आहे, ती बदलावी लागेल, नाहीतर फार दिवस निघणार नाहीत, असं सांगितलं. ते शेवटचं वाक्य त्यांनी अण्णांना आणि मला वेगळं बोलावून सांगितलं होतं. तुला फक्त झडपेचं सांगितलं. रिक्षात बसल्यावर तू म्हणालीस, "मी काय स्टो हाय का, वायसर बदलाय?" रिक्षावालाही हसला. पण घरी आल्यावर तू अण्णांना समोर बसवलंस. एवढा खर्च निघण्यासारखं आपल्याकडे काय आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? "घराला हात लावायचा न्हाई. माझ्या गळ्याची शपथ हाय तुमास्नी. आन् मला कापून बी घ्यायचं न्हाई." अण्णा काहीच बोलले नाहीत. तू ते गप्प राहणं म्हणजे होकार धरलास आणि भात लावायला उठलीस.

पुढच्याच आठवड्यात टायपिंगच्या क्लासवरून येताना अण्णा मला स्टॉपवर उभे दिसले. कंपनीतून सुटून ते थेट घरी जायचे, स्टॉपवर कधी थांबायचे नाहीत. डब्याची पिशवी या हातातून त्या हातात करत म्हणाले, "घर काढायचं ठरवलंय." मी शपथेची आठवण करून दिली. म्हणाले, "शपथ माझ्या डोक्यावर. तुझ्या आईपेक्षा घर मोठं न्हाई." पण विकायचं ते गुपचूप. दारावर पाटी लावायची नाही, पेपरात द्यायचं नाही, दलालाकडे तर मुळीच जायचं नाही, कारण दलालाला सकाळी सांगितलं की दुपारी सगळ्या सेक्टरला कळतं आणि संध्याकाळी काकू तुझ्याकडे येऊन विचारतात, "काय ओ वहिनी, रूम विकताय म्हणे?" तुला कळलं असतं तर तू दवाखान्याची पायरी चढली नसतीस. कंपनीच्या कँटीनमध्ये दोन-चार भरवशाच्या माणसांच्या कानावर घालायचं, त्यांनी आपल्या नात्यागोत्यात विचारायचं, बस. आता राहिला एकच प्रश्न. न बघता घर कोण घेणार? आणि तू तर दिवसभर घरातच. मी हे विचारलं तेव्हा अण्णांनी पिशवी पुन्हा हात बदलून धरली. "तुला बघाय येत्यात म्हणून सांगूया," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "तुला चालंल का, बाय?"

मला बाय म्हणून त्यांनी कधी हाक मारली नव्हती. मी लगेच हो म्हटलं. बावीस वर्षांची होते, आई. खरं सांगायचं तर मला त्यात थोडी गंमतही वाटली. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून, असं म्हणतात. अण्णांनी दोन्ही एकाच पोह्यांच्या बशीत आणि तेही उलट्या बाजूने काढायचं ठरवलं होतं. येणाऱ्यांना ते कंपनीच्या गेटवर नियम सांगायचे. रविवारी यायचं. बरोबर एक लग्नाचा वाटेल असा मुलगा हवा. किमतीचा शब्द घरात काढायचा नाही. भिंतीवर टकटक करायची नाही. मोरी बघायची असेल तर हात धुवायच्या निमित्ताने बघायची. काही जण हे ऐकूनच परत फिरले. असल्या भानगडीचं घर नको, म्हणाले. त्यांचं काय चुकलं?

पहिले आले ते एक म्हातारे नवराबायको आणि त्यांचा पुतण्या. आदल्या दिवशी तुझ्यात कुठून ताकद आली कोण जाणे. पाण्याची कळशी उचलत नव्हती तुला, पण पोहे मला करू दिले नाहीस. "माझ्या हातचं खाऊ दे त्यास्नी, पसंती तिथंच हुती," म्हणालीस. स्टुलावर बसून कांदा चिरलास, मधे मधे थांबून श्वास घेतलास. मला तुझी हिरवी साडी नेसवलीस आणि निऱ्या स्वतः खाली बसून सारख्या केल्यास. मी वर बघत उभी राहिले, तुझ्याकडे बघवत नव्हतं. पाहुण्यांनी विचारलं, पाणी किती वाजता येतं. तू सांगितलंस, सकाळ-संध्याकाळ, आणि जोरात. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते का, असं त्या बाईंनी विचारलं. तू म्हणालीस, "छ्या! चार पावसाळं झालं, पोपडा न्हाई पडला." खिडकीतून खाडीचा वारा कसा येतो, शेजार कसा चांगला आहे, रात्री-अपरात्री रिक्षा कशी मिळते, सगळं सगळं सांगितलंस. अण्णा कोपऱ्यात मान खाली घालून बसले होते. त्यांना चार वाक्यं धड बोलता आली नसती. आपलं घर तूच विकत होतीस, आई, आणि तुला वाटत होतं की तू पोरगी उजवते आहेस.

ते गेल्यावर तू म्हणालीस, "घरंदाज माणसं हायती. मुलगी कुठल्या सोयीत वाढली ते इचारत्यात." त्यांना कोपऱ्यावरचं, दुकान काढता येईल असं घर हवं होतं, ते अण्णांना दोन दिवसांत कळलं. तुला आम्ही आठ दिवसांनी सांगितलं की नकार आला. तू हिरवी साडी घडी घालून ठेवलीस.

दुसऱ्यांच्यात एक उंच बाई होती. स्वयंपाकघरात डोकावली आणि ओट्याजवळ वाकून म्हणाली, "हा फारच खाली आहे हो, कंबरडं मोडेल." तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी बघितलं. तरी तू हसून म्हणालीस, "तुमच्या घरचा उंच आसंल, तर शिकंल की ती. लहान हाय अजून." त्यांचा मुलगा सगळा वेळ छताकडे बघत बसला होता. स्लॅबला तडा आहे का, ते बघायला त्याला सांगितलं असणार. जाताना मात्र माझ्याकडे बघून म्हणाला, "पोहे छान होते." एवढंच. तिकडूनही नकारच आला. या वेळी काकूंनी दारापुढेच तुला गाठलं, "काय ओ, हे पण नाय जमलं? टेन्शन नको घेऊ, आजकाल मुलांचे नखरे वाढलेत." तू घरात आलीस ती लाल होऊन. मला जवळ बसवून माझ्या केसांना तेल लावलंस, पण सारखा हात थांबवत होतीस. मला वाटलं धाप लागली आहे.

तिसऱ्यांनी तर कहर केला. त्यांच्याकडे लग्नाचा मुलगा नव्हताच, म्हणून एका मामांना घेऊन आले. कानावरचे केस पिकलेले, पुढे पोट. पोहे मागून मागून खाल्ले आणि तीन वेळा हात धुवायला मोरीत गेले. ते निघून गेल्यावर तू अण्णांना जे झापलंस ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "नवरा हाय का आजोबा? माझी पोरगी काय हिरीत ढकलायची हाय? कुठनं गोळा करून आणताय ही ध्यानं? एवढी जड झाली का तुमास्नी?" अण्णा टोपी हातात धरून उभे होते. मान वर केली नाही. मी स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून हसत होते. तेव्हा मला ते हसण्यासारखं वाटलं होतं, खरंच. आता अण्णांची ती मान आठवते आणि माझाच मला राग येतो.

मग ती दुपार. तू ओट्याला टेकून उभी होतीस, मी खाली बसून लसूण सोलत होते, अण्णा रजेवर होते म्हणून घरात होते. तू एकदम म्हणालीस, "मला कळलं का नाकारत्यात ते." माझ्या हातातली पाकळी खाली पडली. मला वाटलं, संपलं, हिला कळलं. तू म्हणालीस, "माझ्यापायी. मी बोलताना धाप टाकते, त्यास्नी दिसतं की. आजारी आईची पोरगी कोण करून घेईल? लोकांस्नी वाटतं, आईचा रोग पोरीत येतो. पोरगी काय वाईट हाय माझी?" आणि मग म्हणालीस, "मी आप्रेशन करून घेते. मी धडधाकट झाले की बघू कोण न्हाई म्हणतंय ते." अण्णांनी माझ्याकडे बघितलं. ज्यासाठी चार महिने विनवण्या केल्या, शपथा मोडल्या, ते तू आपणहून कबूल केलं होतंस, आणि तेही आमच्या खोट्यावर विश्वास ठेवून. तू विचारलंस, पैशाचं काय. अण्णा म्हणाले, कंपनी देणार आहे, अर्ज केलाय. तेव्हा मला बोलता आलं असतं. आई, मला कुणीच नाकारलेलं नाही, असं एक वाक्य पुरलं असतं. पण मग तू दवाखान्यात गेली नसतीस. मी लसूण सोलत राहिले. ते वाक्य तेव्हा बोलायला हवं होतं की नाही, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

चौथे आले ते भाऊ-बहीण म्हणून. खरं तर ते नवराबायको होते, लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, भाड्याच्या खोलीत सासू-सासऱ्यांसह राहत होते. अण्णांनी तिला मंगळसूत्र पदराखाली ठेवायला सांगितलं होतं. तिने ते इतकं आत खोवलं होतं की सगळा वेळ ती गळ्याशी हात नेऊन चाचपत होती. त्याने पाण्याचा ग्लास आधी तिला दिला, तिने त्याच्या शर्टावर पडलेली कोथिंबीर काढली. ते गेल्यावर तू डोळे पुसत म्हणालीस, "भावा-बहिणीची काय माया हाय! असल्या घरात पोरगी सुखात नांदंल." त्यांनी घर घेतलं. त्या घरांचे व्यवहार तेव्हा मुखत्यारपत्रावरच व्हायचे. वकिलाकडे कागद झाले, घर अण्णांच्या नावावर होतं म्हणून त्यांची एकट्याची सही पुरली, आणि तू बरी होऊन येईपर्यंत आम्ही ताबा मागणार नाही, असं त्या दोघांनी स्वतःहून सांगितलं. परवा ज्यांचा फोन आला त्या याच. चांगली माणसं होती. तू बरी झालीस की अण्णा तुला सगळं सांगणार होते. तुझा मार खायचीही त्यांची तयारी होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी भेटायच्या वेळेला मी आले. तू दवाखान्याच्या कपड्यांत होतीस आणि त्यात फार लहान दिसत होतीस. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते. तू माझा हात धरून विचारलंस, "त्या भावा-बहिणीचं काय कळलं का?" मी म्हटलं, "होकार आलाय, आई." तू पहिल्यांदा ऐकूनही ऐकलं नाहीस. मग म्हणालीस, "खरं?" मी मान हलवली. तू उशीवर डोकं टेकवून वर बघत बसलीस आणि तुझ्या डोळ्यांतून दोन्ही बाजूंनी पाणी कानाकडे गेलं. मग लगेच कामाला लागलीस. मांडव दारापुढच्या फरशीवरच घालायचा, हॉल घ्यायचा नाही. काकूंना पहिली पत्रिका. मामाला आठ दिवस आधी बोलवायचं. अण्णा वर आले तेव्हा त्यांनाही सांगितलंस, "जमलं बघा एकदाचं." अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तू आत गेलीस, आणि त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेलीस. शुद्धीवर आली होतीस थोडा वेळ, पण बोलली नाहीस.

दिवसकार्य झालं आणि ती दोघं भेटायला आली. ती मंगळसूत्र वर काढून आली होती. काकूंनी दारातच बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हा तोच ना ग, तुला बघायला आलेला? आणि ही बहीण?" मी सगळं सांगितलं असतं तर अण्णांनी बायकोला फसवलं, असं झालं असतं. मी गप्प बसले. मग लोकांनी आपापल्या मनाने काय ते जुळवलं. आम्ही किल्ल्या दिल्या आणि घणसोली गावात भाड्याच्या खोलीत राहायला गेलो. पुढे दोन खरी स्थळं आली. त्यांनी ऐरोलीत चौकशी केली. चार जणांनी नाकारलेली मुलगी, एकाने तर जमवून दुसरीशी केलं, असं त्यांच्या कानावर गेलं. अण्णा म्हणायला लागले, मी जाऊन खरं सांगतो लोकांना. मीच नको म्हटलं. तिसरं स्थळ आलं नाही, आणि आम्ही शोधलंही नाही. मला नोकरी लागली, मी अण्णांना शेवटपर्यंत सांभाळलं, माझं बरं चाललं आहे. तुला वाटेल तशी मी रडत बसलेली नाही.

पुष्कळ वर्षं मी स्वतःची अशी समजूत घालत होते की तुला सगळं कळलं होतं. ओट्याबद्दल बोलणारी बाई, छताकडे बघणारा मुलगा, मोरीत तीन वेळा जाणारे मामा, हे तुझ्यासारख्या हुशार बाईच्या लक्षात आल्याशिवाय राहील का? पण नाही. तुला काहीही कळलं नव्हतं. तू कुणी खोटं बोलेल असा विचारही न करता आमच्यावर भरवसा टाकला होतास. हे मला मान्य करायला फार वेळ लागला.

आणि एक सांगायचं राहिलं. अण्णांना वाटायचं, दवाखान्यात मी तसं बोलले ते तुला धीर यावा म्हणून. मरेपर्यंत ते म्हणायचे, "पोरीनं आईला समाधानानं धाडली." मीही त्यांना तसंच वाटू दिलं. तुला धीर द्यायचा माझ्या मनातही नव्हतं, आई. खेळ म्हणून का होईना, तीन वेळा मला नको म्हटलं गेलं होतं आणि ते मला लागलं होतं. छताकडे बघणाऱ्या मुलाच्या वेळी तर मी मोरीत नळ सोडून रडले होते. मला कुणीतरी पसंत केलंय हे ऐकल्यावर तुझा चेहरा कसा होतो, ते मला एकदा बघायचं होतं. तेवढ्यासाठी मी बोलले.